नौकेवरील गॅसची कोठी

प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट जड असतो, आणि या प्रकरणात पुढे जे काही सांगावयाचे आहे त्यातील बहुतेक सर्व या एका भौतिक सत्यातून उद्भवते. घरातील स्वयंपाकाच्या खोलीत गॅस गळला तर तो जमिनीलगत पसरतो खरा, पण उंबरठ्याखालची फट, सांडपाण्याची वाट, उघडे दार असे बाहेर पडण्याचे अनेक मार्ग त्याला सापडतात. नौकेत असा एकही मार्ग मुळात ठेवलेला नसतो. किंबहुना तसा मार्ग राहू नये याच हेतूने तिचे सारे अंग घडविलेले असते, आणि ज्या अभेद्यपणामुळे समुद्राचे पाणी आत येऊ शकत नाही, त्याच अभेद्यपणामुळे आत सांडलेला जड वायूही बाहेर जाऊ शकत नाही. तो खाली उतरतो, तळफळ्यांच्या सांध्यांतून बिल्ज म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तळाच्या पोकळीत जाऊन साचतो. आणि नेमक्या त्याच पोकळीत पाणी उपसणारा विजेचा पंप, त्याला आपोआप चालू करणारा तरंगता खटका, आणि बहुधा हाताच्या अंतरावर इंजिन व बॅटऱ्या, अशी ठिणगी पाडण्यास समर्थ असलेली सर्व सामग्री आधीच हजर असते.

हवेतील प्रोपेनचे प्रमाण आकारमानाने सुमारे २.१ ते ९.५ टक्के असेल तरच ते मिश्रण पेट घेते. त्याहून कमी असल्यास इंधन अपुरे पडते आणि जास्त असल्यास प्राणवायू. मर्यादा अशी अरुंद आहे हे ऐकून मनाला जो दिलासा वाटतो तो थोडा हिशेब केल्यावर टिकत नाही. ११ मीटर लांबीच्या शिडाच्या नौकेच्या आतील पोकळी २० घनमीटर धरली, तर ती संपूर्ण पोकळी स्फोटक करण्यास ०.४२ घनमीटर वायू पुरतो, आणि त्याचे वजन भरते जेमतेम ८०० ग्रॅम. अमेरिकेतील नौकांवर सर्रास आढळणाऱ्या सिलिंडरात ९ किलो प्रोपेन असतो. शिवाय वायू वरपर्यंत सारखा मिसळण्याची वाट ठिणगी पाहत नाही. तळाशी साचलेला पातळ थरही पुरेसा होतो, आणि वर बिछान्यावर निजलेल्या माणसाच्या नाकापर्यंत त्याची वार्ता पोहोचलेलीही नसते.

मग असा पदार्थ नौकेवर आणलाच का, हा प्रश्न वाचकाने विचारणे रास्त आहे. १९१० नंतरच्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेच्या खाण-खात्यातील रसायनज्ञ वॉल्टर स्नेलिंग याने पेट्रोलमधून उडून जाणाऱ्या बाष्पाचा पिच्छा पुरवून प्रोपेन वेगळा काढला आणि १९१३ मध्ये त्याच्या प्रक्रियेचे पेटंट मिळविले. पण समुद्रावरच्या स्वयंपाकाला त्याचा लाभ व्हावयास पुढे बराच काळ जावा लागला. तोवर नौकांवर राज्य होते ते रॉकेलच्या दाबाच्या स्टोव्हचे, म्हणजे स्वीडनमधील फ्रान्स लिंडक्विस्ट याने १८९२ मध्ये सिद्ध केलेल्या आणि आपल्या आजी-पणजींच्या परिचयाच्या प्रायमसचे. अमेरिकेत १९६० ते १९८० च्या दरम्यान बांधलेल्या कित्येक नौकांवर स्पिरिटचे स्टोव्ह बसविलेले असत, कारण स्पिरिट पाण्यात मिसळते आणि त्याची आग पाण्याने विझते अशी समजूत होती. ती समजूत खोटी नव्हती. परंतु स्पिरिटची ज्योत भर दुपारी दिसत नाही आणि मंद असल्याने भाताला आधण येईस्तोवर स्वयंपाक्याचा धीर सुटतो. प्रोपेन काडी लावताच पेटतो, काजळी धरत नाही, उणे ४२ अंश सेल्सियसपर्यंत वायुरूप राहतो म्हणून थंड प्रदेशातही दगा देत नाही, आणि द्रवरूपात कोंबला असता आपल्या वायुरूपाच्या सुमारे २७० व्या हिश्शाइतक्या जागेत मावतो. साहजिकच मूळ स्पिरिटचा स्टोव्ह काढून त्या जागी गॅसची शेगडी बसविण्याची लाट पुढील काळात आली, आणि येथेच आपल्या विषयाची खरी मेख आहे: पुष्कळशा जुन्या नौका गॅससाठी बांधलेल्याच नव्हत्या. गॅस त्यांत मागाहून, कुणा हौशी मालकाच्या हातून, मिळेल त्या कोपऱ्यात शिरला.

मराठी वाचकाला शिडाची नौका आता अगदीच अपरिचित राहिलेली नाही; गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत बांधलेल्या ‘म्हादेई’तून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हापासून या विषयाचे कुतूहल आपल्याकडेही वाढले आहे. तरीही जुन्या नौकांची दुरुस्ती हा ज्यांच्या रोजच्या व्यवहाराचा भाग आहे असा मोठा समाज अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, विशेषतः चेसापीक उपसागराच्या आसपास आढळतो, आणि त्याच उपसागरावरील अ‍ॅनापोलिस गावी या विषयाचे नियम ठरविणाऱ्या ‘अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल’ या १९५४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचे दफ्तर आहे. तिचे नियम सरकारी फर्मान नव्हेत. ते पाळलेच पाहिजेत अशी सक्ती खासगी मालकावर नाही. पण विमा उतरविण्यापूर्वी जो सर्वेक्षक नौका तपासतो तो हेच नियम हाती धरून तपासतो, त्यामुळे सक्ती नसूनही त्यांचा अंमल सर्वत्र चालतो. युरोपात हेच काम आयएसओ १०२३९ हे आंतरराष्ट्रीय मानक करते. तपशिलात दोहोंचा थोडा मतभेद आहे, मूळ तत्त्वात मुळीच नाही.

ते तत्त्व असे की गळती होणारच असे धरून चालावे. सिलिंडर ज्या कोठीत ठेवावयाचा ती कोठी गॅस सुरक्षित कोंडून ठेवण्यासाठी नसून गळलेल्या गॅसला नौकेबाहेर घालविण्यासाठी आहे. जुन्या घरातील मोरीला उंबरा आणि उतार दिलेला असतो, तो सांडलेले पाणी माजघरात न येता परस्पर अंगणात जावे म्हणून, तशीच ही योजना आहे. म्हणून कोठीचा तळ व चारही बाजू नौकेच्या अंतर्भागाशी पूर्णपणे वायुबंद असाव्यात, तिला उघडण्याचे तोंड फक्त वरून आणि थेट मोकळ्या हवेत असावे, झाकणाला रबराची पट्टी असावी, आणि तळातील सर्वांत खालच्या बिंदूतून निघालेली नळी सतत उतरत जाऊन जलरेषेच्या वर नौकेबाहेर सुटावी. या नळीचा आतील व्यास अमेरिकन नियमाप्रमाणे किमान अर्धा इंच, युरोपीय मानकाप्रमाणे १९ मिलिमीटर. मला विचाराल तर युरोपीयांचा आकडा घ्यावा. अर्ध्या इंचाच्या नळीत एक वाळलेले पान अडकले तरी सारी योजना निष्फळ होते.

आता १९७५ च्या सुमारास बांधलेली, दोन-तीन मालकांच्या हातून गेलेली, अशी एखादी नौका गोदीत लाकडी टेकूंवर उभी आहे असे समजू आणि तिची कोठी उघडू. कॉकपिटच्या, म्हणजे सुकाणूजवळच्या खोलगट बैठकीच्या आसनाखाली ती बहुधा असते. झाकण उचलताच पहिली गोष्ट दिसते ती ही की सिलिंडर एकटा नाही. त्याच्या भोवती दोरांची वेटोळी, रंगाचे अर्धे डबे, चिंध्या, एखादा पेट्रोलचा कॅन, दोर ताणणारी विंच फिरविण्याचा दांडा असा संसार थाटलेला आहे. शिडाच्या नौकेवर जागेची टंचाई कायमची असल्याने रिकामा कोपरा रिकामा राहत नाही, हे मान्य. पण येथे ठेवलेली चिंधी तळाच्या छिद्रावर बसते आणि दांडा गॅसच्या नळीवर घासतो. हे सर्व बाहेर काढून आणि सिलिंडर बंद करून धक्क्यावर उतरविल्यानंतर तळ दिसतो. पोलादी सिलिंडरच्या बुडाचे गंजाचे कडे तेथे उमटलेले असते, आणि त्या कड्यालगत फायबरग्लासच्या वरच्या थराला केसासारख्या चिरा गेलेल्या असतात. बाजूच्या आडभिंतीतून गॅसची नळी आत जाते त्या छिद्राभोवती कधीकाळी भरलेली लांबी आता सुकून, आकसून, एका अंगाने सुटलेली असते. बोटाने दाबली तर तिचा तुकडा हातात येतो आणि पलीकडचा अंधार दिसतो. तो अंधार म्हणजे नौकेचा अंतर्भाग. त्या एका छिद्राने कोठीचे कोठीपण नष्ट झालेले असते.

पण सर्वांत फसवा दोष याहून निराळ्या ठिकाणी, नळीच्या वाटेत, लपलेला असतो. बाहेर जाणारी निचऱ्याची नळी बसविताना कुणीतरी ती थोडी लांब कापलेली असते, आणि वर्षानुवर्षांच्या हालचालीने तिला मध्यभागी झोळ आलेला असतो. पावसाचे अथवा लाटेचे पाणी कोठीत शिरले की ते त्या झोळात जाऊन बसते आणि तेथेच राहते. डोळ्यांना नळी शाबूत दिसते, दोन्ही टोके मोकळी दिसतात, पाणी ओतले तर ते बाहेरही पडते. पण वायूला मात्र त्या साचलेल्या पाण्याचा अडसर ओलांडता येत नाही, कारण तो ढकलण्यास लागणारा दाब गळलेल्या गॅसच्या पातळ थरापाशी नसतो. मग कोठी हळूहळू भरत जाते आणि आडभिंतीतील त्या सुटलेल्या लांबीतून गॅस आपला दुसरा मार्ग शोधतो. पाणी वाहते म्हणजे गॅसही वाहील हा तर्क म्हणून येथे पुरा नाही. नळी डोळ्यांखालून घालून, हाताने चाचपून, तिला कोठेही चढ नाही याची खातरजमा करावी लागते. बाहेरच्या टोकाशी गांधीलमाश्यांनी केलेली मातीची घरटीही आढळतात. गोदीत महिनोन्महिने उभ्या असलेल्या नौकेचे प्रत्येक छिद्र त्यांना आयतेच मिळालेले असते.

दुरुस्तीचा आरंभ कोठीचा अभेद्यपणा तपासण्यापासून करावा. निचऱ्याचे छिद्र बुचाने बंद करून कोठी पाण्याने भरावी, पातळीची खूण करावी आणि काही तासांनी पाहावे. पातळी उतरली असेल तर आतल्या बाजूने कोठे ओल येते ते कोरड्या कागदाने शोधावे. ही परीक्षा साधी आहे, पण १०० लिटर पाण्याचे वजन १०० किलो होते याचा विसर पडू देऊ नये आणि जुन्या प्लायवूडच्या कोठीला खालून आधार दिल्यावाचून ती भरू नये. ओल सापडलेल्या जागा वाळवून, जुना रंग व चिकटपणा काढून, फायबरग्लास उघडे पडेपर्यंत घासावे. कोपऱ्यांत घट्ट केलेल्या इपॉक्सीचा गोलसर भराव द्यावा, म्हणजे काचेचे कापड काटकोनात दुमडून मध्ये हवेची पोकळी राहत नाही. मग त्यावर दोन-तीन थर कापड, प्रत्येक थर आधीच्याहून थोडा रुंद, असे चढवावेत. तळाला छिद्राकडे उतार द्यावयाचा तो याच वेळी, कारण मूळच्या बांधणाऱ्याने तो दिलेला क्वचितच आढळतो. इपॉक्सी सुकल्यावर तिच्यावर जो मेणचट पदार्थ येतो तो पाण्याने धुऊन काढल्याशिवाय रंग लावू नये. हे धुणे चुकविले म्हणून रंगाचे पापुद्रे सुटलेले पाहिले की लोक इपॉक्सीला दोष देतात.

झाकणाविषयी फार सांगावयास नको. जुनी रबरी पट्टी दबून कडक झालेली असते. ती काढून बंद छिद्रांच्या स्पंजासारख्या रबराची नवी पट्टी लावावी, झाकण व कडा यांच्यामध्ये कागदाची एक पट्टी धरून झाकण लावावे आणि ओढून पाहावे. चारही बाजूंना ती सारखीच अडली पाहिजे. कडी अशी असावी की अंधारात, ओल्या हातांनी, पान्याची मदत न घेता उघडेल.

निचऱ्याची नळी कोठे सोडावी हा प्रश्न मात्र वाटतो तितका क्षुल्लक नाही. बाहेरचे तोंड खिडकी, झडप, वायुवीजक अशा नौकेत उघडणाऱ्या कोणत्याही द्वारापासून किमान ५० सेंटिमीटर दूर असावे, हे झाले नियमाचे कलम. पण नौका ही गोदीत सरळ उभी राहण्यासाठी नसते. वाऱ्याने ती एका कुशीवर २०-२५ अंश कलते, आणि इंजिनावर वेगाने चालताना तिची पिछाडी पाण्यात बसते. गोदीत जलरेषेच्या वितभर वर दिसणारे तोंड अशा वेळी पाण्याखाली जाते, आणि मग कोठीतून गॅस जाण्याऐवजी कोठीत समुद्र येतो. म्हणून हे तोंड पिछाडीच्या उभ्या भिंतीत, मध्यरेषेच्या शक्य तितके जवळ आणि शक्य तितके उंच काढावे. आणि काम सोपे होईल म्हणून ही नळी कॉकपिटच्या निचऱ्याला किंवा दुसऱ्या कोणत्याही नळीला जोडण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण दुसरी नळी तुंबली की गॅस तिच्या वाटेने आत परततो.

येथवर जे झाले ती डागडुजी. आता सुधारणेकडे वळू. सिलिंडरच्या तोंडापासून शेगडीपर्यंतच्या वाटेवर आज ज्या वस्तू असाव्यात त्यांतील निम्म्या जुन्या नौकांवर आढळत नाहीत. सिलिंडरच्या झडपेनंतर प्रथम दाबमापक घड्याळ येते, मग दाब उतरविणारा रेग्युलेटर, मग विजेवर उघडणारी झडप, आणि मग कोठीची भिंत ओलांडण्यासाठी वायुबंद जोड. सिलिंडरमधील दाब २० अंश तापमानाला ७ बारच्या वर असतो आणि ३० अंशांना १० बारच्या जवळ जातो. रेग्युलेटर तो उतरवून पाण्याच्या २८ सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाइतका, म्हणजे मूळ दाबाच्या अडीचशेव्या हिश्शाहूनही कमी करतो. दाबमापक पाहून गॅस किती उरला हे कळते असा पुष्कळांचा समज आहे, पण द्रवाचा शेवटचा थेंब शिल्लक असेपर्यंत काटा केवळ तापमान सांगतो. त्याचे काम निराळे आहे, आणि ते आपण लवकरच पाहू.

विजेची झडप म्हणजे या साऱ्या सुधारणेतील सर्वांत गुणी भाग. तिच्यातील वेटोळ्यात वीज खेळते तोवरच ती उघडी राहते. वीज गेली, तार तुटली, फ्यूज उडाला, तर स्प्रिंग तिला बंद करते. बिघाड झाल्यास तो सुरक्षित बाजूलाच झुकावा अशी तजवीज यंत्रशास्त्रात जेथे जेथे केलेली दिसते तेथे ती करणाऱ्याच्या दूरदृष्टीला मनोमन नमस्कार करावासा वाटतो. तिचा खटका मुदपाकखान्यात शेगडीजवळ, पण ज्वाळांवरून हात न नेता पोहोचता येईल असा बसवावा, आणि तो चालू असता लाल दिवा लागावा. तारा कोठीच्या भिंतीतून वायुबंद जोडाने न्याव्यात; खटका, रिले, बॅटरी यांपैकी कशालाही कोठीत मज्जाव. स्वयंपाक आटोपल्यावर शेगडीची चावी फिरविण्याआधी हा खटका बंद करावा आणि नळीत उरलेला गॅस जळून ज्योत आपोआप विझू द्यावी. हा शिरस्ता पडला की रात्रभर नळीत गॅस राहत नाही.

कोठीपासून शेगडीपर्यंतची नळी एकसंध असावी, मध्ये एकही सांधा नसावा. शेगडीखेरीज पाणी तापविण्याचे किंवा खोली उबदार ठेवण्याचे दुसरे उपकरण असेल तर त्याची वेगळी नळी कोठीतूनच निघाली पाहिजे. वाटेत फाटा काढण्याची मुभा नाही, कारण जो सांधा आहे तो कधीतरी गळणार, आणि गळावयाचेच असेल तर त्याने कोठीत गळावे. नौकेवरील शेगडी नौका कलली तरी भांडे सपाट राहावे म्हणून दोन खुंट्यांवर झुलती टांगलेली असते, तेव्हा तिच्या मागची लवचीक नळी हजारो वेळा वाकते. शेगडी पुढे ओढून ती नळी पाहण्याचे कष्ट जुन्या नौकेच्या कित्येक मालकांनी कधीच घेतलेले नसतात.

सांधे तपासण्यासाठी साबणाचे पाणी लावावे हे घरोघर माहीत आहे. पण ज्या साबणात वा सफाईच्या द्रावणात अमोनिया असतो ते पितळेच्या जोडांना लावू नये. याची कथा आपल्याच भूमीवर घडलेली आहे. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातील फौजेची पितळी काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या पागांत ठेवली जात, आणि उघडीप झाल्यावर बाहेर काढून पाहावे तो त्यांच्या तोंडाशी चिरा पडलेल्या. काडतुसे न वापरता, न हाताळता तडकतात कशी याचा उलगडा पुष्कळ वर्षे झाला नाही. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या संशोधकांनी दाखवून दिले की घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया, हवेतील दमटपणा आणि घडविताना पितळेत राहून गेलेला ताण या तिघांच्या संगनमताने हे घडते. नौकेवरील पितळी जोड आवळताना असाच ताण त्यात राहतो, आणि दमटपणाची तर समुद्रावर वाण नाहीच. उरलेले तिसरे कारण आपण आपल्या हाताने पुरवू नये, एवढेच.

दाबमापकाचे खरे काम येथे येते. शेगडीच्या साऱ्या चाव्या बंद ठेवाव्यात, विजेची झडप मात्र चालू असावी. ती बंद राहिली तर तपासणी कोठीच्या भिंतीशीच संपते आणि पुढची सगळी नळी न तपासताच निर्दोष ठरते. आता सिलिंडरची झडप उघडावी, काटा चढून स्थिरावू द्यावा, मग ती पुन्हा बंद करावी आणि काट्याच्या टोकासमोर काचेवर पेन्सिलीने बारीक रेघ ओढावी. सिलिंडरपासून शेगडीपर्यंतच्या वाटेत अडकलेला गॅस इतका थोडा असतो की अगदी सूक्ष्म गळतीनेही दाब उतरतो. पंधरा मिनिटे थांबावे. काटा रेघेवरच असेल तर वाट शाबूत आहे. तो रेघेखाली केसभर जरी गेला, तरी ‘एवढ्याने काय होते’ असे म्हणून पुढे जाऊ नये, साबणाचे पाणी घेऊन एकेक सांधा पाहावा. काडी पेटवून गळती शोधण्याची धिटाई आजही काही माणसे करतात. त्यांच्याविषयी लिहिण्यासारखे फारसे काही उरत नाही. दर पंधरवड्यास, आणि सिलिंडर बदलला की प्रत्येक वेळी, ही परीक्षा घेऊन नोंदवहीत टिपण ठेवावे.

कोठी कितीही निर्दोष झाली तरी एका धोक्यापुढे तिचा उपाय नाही. भात उतू जाऊन किंवा खिडकीतून आलेल्या वाऱ्याच्या झोताने ज्योत विझली आणि चावी उघडीच राहिली, तर गॅस थेट नौकेच्या पोटात येतो. कोठी त्याला अडवू शकत नाही. म्हणून प्रत्येक बर्नरला ज्योत विझताच गॅस बंद करणारी उष्णतेवर चालणारी सोय असलेली शेगडी घ्यावी, आणि १९७० च्या काळातील तशी सोय नसलेली जुनी शेगडी, ती कितीही देखणी असली तरी, उतरवून ठेवावी. या बाबतीत जुन्याचा लोभ मला समजत नाही. त्याच्या जोडीला गॅसचा सुगावा देणारे उपकरण शेगडीच्या खाली व बिल्जच्या वर, बिल्जचे पाणी त्याला शिवणार नाही इतक्या उंचीवर बसवावे. डोक्याच्या पातळीवर बसविलेले उपकरण या जड वायूबाबत कुचकामी आहे.

प्रोपेनला स्वतःचा वास नाही. त्यात मुद्दाम मिसळलेल्या इथिल मरकॅप्टनचा जो दर्प येतो तो स्फोटक मर्यादेच्या पाचव्या हिश्शाइतक्या प्रमाणातच ओळखू यावा असा दंडक आहे. हा दंडक फार मोठी किंमत देऊन आलेला आहे: १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात न्यू लंडन येथील शाळेखाली वासहीन नैसर्गिक वायू साचून स्फोट झाला आणि सुमारे ३०० मुले व शिक्षक मृत्यू पावले, त्यानंतर वायूत दर्प मिसळण्याची सक्ती करणारा कायदा तेथे आला. नौकेवर हा दर्प आला तर विजेचा कोणताही खटका चालू करू नये, तसाच बंदही करू नये. दोन्ही वेळी ठिणगी पडू शकते. कोठीकडे जाऊन सिलिंडरची झडप हाताने बंद करावी, साऱ्या खिडक्या व दारे उघडावीत, माणसे डेकवर आणावीत, आणि बिल्जमधील गॅस हाताच्या पंपाने पाण्यासारखाच उपसून बाहेर टाकावा. इंजिन चालू करून किनारा गाठण्याची घाई येथे प्राणघातक ठरते.

काही जुन्या नौकांत कोठीला योग्य जागा निघतच नाही. अशा वेळी कॉकपिटच्या मोठ्या खणात बसणारी तयार फायबरग्लासची पेटी आणून तिला स्वतंत्र निचरा काढणे हा एक मार्ग; आणि सिलिंडर पिछाडीच्या कठड्याला उघड्यावर, सांडलेला गॅस कॉकपिटमध्ये न येता थेट समुद्रात उतरेल अशा ठिकाणी, पट्ट्यांनी आवळून ठेवणे हा दुसरा. दुसरा मार्ग दिसावयास ओबडधोबड आहे, ऊन-पावसाने रेग्युलेटर व जोड लवकर खराब होतात, तरी आत सताड उघडणाऱ्या दिखाऊ कोठीपेक्षा तो शतपटीने बरा. परदेशांत फिरणाऱ्यांना आणखी एक अडचण येते ती सिलिंडरच्या तोंडांची: देशोदेशी आटे निराळे, कोठे उलटे तर कोठे सुलटे. गरम देशांतून ब्युटेन किंवा दोहोंचे मिश्रण मिळते. प्रोपेनसाठी बनविलेल्या सिलिंडरात ब्युटेन भरून घेण्यास हरकत नाही, पण ब्युटेनच्या सिलिंडरात प्रोपेन कधीही भरू नये, कारण त्याच तापमानाला प्रोपेनचा दाब कितीतरी अधिक असतो. आणि भरणारा कोणीही असो, सिलिंडर द्रवाने ८० टक्क्यांहून अधिक भरू देऊ नये. उरलेली जागा उन्हात प्रसरण पावणाऱ्या द्रवासाठी राखलेली आहे.

अलीकडे लिथियम बॅटऱ्या व इंडक्शनच्या शेगड्या आल्यापासून गॅसला नौकेवरून कायमची रजा द्यावी असे म्हणणारा पक्ष बळावतो आहे. ज्यांना बंदराच्या धक्क्यावरची वीज रोज मिळते त्यांनी तसे खुशाल करावे. पण १ किलो प्रोपेनमध्ये सुमारे १२.८ किलोवॅट-तास ऊर्जा असते आणि १२.८ व्होल्टच्या १०० अँपिअर-तासांच्या एका लिथियम बॅटरीत १.२८; गॅसच्या ज्योतीची निम्मी उष्णता भांड्याबाहेर वाया जाते असे धरले तरी जी नौका आठवडेच्या आठवडे दूरच्या खाडीत नांगरून राहते तिच्यासाठी हा हिशेब अजून गॅसच्याच बाजूने पडतो. अशी जुनी नौका कुणी विकत घेत असेल आणि सर्वेक्षकाच्या अहवालात गॅसच्या कोठीचा निकाल ‘ठीक’ एवढ्या एका शब्दात लागलेला असेल, तर सौद्याची रक्कम देण्यापूर्वी त्याने स्वतः झाकण उघडावे, आडभिंतीतील छिद्रात भरलेली लांबी बोटाने दाबून पाहावी आणि निचऱ्याच्या नळीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात फिरवावा.